तळमजल्याची पानं

आमच्या चष्म्याच्या दुकानात पुढे काउंटरवर मी बसते आणि मागच्या खोलीत काचताई. गिऱ्हाईक फ्रेम निवडतं ते माझ्यासमोर, पण ती डोळ्यांवर चढण्याजोगी होते ती मागे. भिंग घासायचं, कडा मोडायच्या, खोबणीत बसवायचं, मध्य बरोबर बुबुळासमोर येतो की नाही ते पाहायचं. मशीन आहे, पण शेवटचा हात काचताईंचाच. मशीनवर पाण्याची धार सोडून त्या भिंग टेकवतात तेव्हा असा काही आवाज निघतो की नवं गिऱ्हाईक दचकतं. मी म्हणते, "काही नाही, आतमध्ये आमच्या ताई दात खातायत." आतून लगेच उत्तर येतं, "तुझ्यावरच खाते आहे गं."

ही त्यांची आणि त्यांच्या यजमानांची गोष्ट. त्यांना मी भावजी म्हणायचे.

भावजी लिफ्टचे मेकॅनिक होते. उंच उंच इमारतींच्या काळोख्या विहिरीत उतरून तारा आणि चाकं तपासण्यात त्यांचं तारुण्य गेलं. एकदा पाय निसटला आणि डावा गुडघा कायमचा कामातून गेला. कंपनीनं त्यांना बसून करायचं काम दिलं. सकाळी फोनवर बसायचं आणि नव्या पोरांना कुठली तार कुठे जोडायची ते सांगायचं. दुपारनंतर मोकळे. मूलबाळ नव्हतं, ताई दुकानात. मोकळी दुपार माणसाला खायला उठते. भावजींनी तिला पोकर खायला घातला.

इंटरनेटवरचा पोकर. टेबलावर पाच-सहा जण, सगळे आपापल्या घरी, कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात, मधे पाच पानं टप्प्याटप्प्यानं उघडी पडतात. आपल्या पानांच्या जोरावर पैसे लावायचे, आणि जोर नसेल तर नुसत्या आवेशावर. समोरच्यानं कच खाऊन पानं टाकली की डाव आपला. मग आपल्याकडे खरंच काही होतं की ती नुसती हूल होती, हे कुणाला कधीच कळत नाही. भावजी चिल्लरीच्या टेबलावर खेळायचे. त्यांना पैशांत रस नव्हता, माणसांत होता. तिथं त्यांनी नाव घेतलं होतं 'तळमजला'. लिफ्टवाल्याला दुसरं काय सुचणार?

या खेळासाठी त्यांच्या लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर होतं. भावजी त्याला 'चहाडखोर' म्हणायचे. आपण खेळलेला प्रत्येक डाव ते साठवून ठेवतं आणि त्यातून टेबलावरच्या प्रत्येकाच्या सवयी काढतं. मग खेळताना प्रत्येकाच्या नावाशेजारी छोट्या चौकटीत आकडे दिसतात. हा शंभरातले किती डाव खेळायला उतरतो, किती वेळा स्वतःहून रक्कम वाढवतो, दाबलं की किती वेळा पळतो. आकड्यांखाली शेरा लिहायलाही जागा असते. भावजींचे शेरे ताईंनी मला पाठ म्हणून दाखवलेत. 'सरदार: हरला की दोन डाव आंधळा खेळतो.' 'डाळिंब: राणी दिसली की भाळतो.' 'कासव: मान आत घेतली तर समजा काहीतरी आहे.'

"लोकांच्या घरात डोकावण्यासारखंच झालं की हे," ताई म्हणायच्या.

"अगं, तेही माझ्याकडे डोकावतातच. सगळ्यांकडे चहाडखोर आहे. मी त्यांच्या चौकटीत, ते माझ्या."

"माझेही आकडे काढता की काय?"

"काढलेत. दहा वेळा 'मला नको' म्हणतेस आणि नऊ वेळा माझ्या ताटातलं उचलतेस."

ताई हे सांगताना हसायच्या, पण खेळात त्यांनी कधी मन घातलं नाही. भावजी उत्साहानं डाव सांगायचे आणि या भाजी निवडत हुं हुं करायच्या. नंतर त्या हुं हुं चा त्यांना फार त्रास झाला. "इतकं सांगत होते गं," म्हणायच्या, "आणि मी भाजीतल्या अळ्या शोधत बसले."

भावजी गेले ते साध्या तापानं. ताप छातीत उतरला, दवाखान्यात नेलं, सगळे म्हणाले दोन-तीन दिवसांत घरी येतील. ते आले नाहीत.

काचताई लवकरच कामावर आल्या. मशीन पूर्वीसारखंच किरकिरायचं, पण मी काही बोलले तर आतून उत्तर येणं थांबलं. मी मुद्दाम खोड्या काढून पाहिल्या. नाही म्हणजे नाही. नणंद अधूनमधून त्यांच्याकडे राहायला यायची. तिनंच एकदा भावजींचे कपडे देऊन टाकले, बूट दिले, हत्यारांची पेटी कंपनीतल्या पोरांना दिली. लॅपटॉपही द्यायला निघाली होती. ताईंनी तो तिच्या हातातून घेतला आणि कपाटात ठेवला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

एका रविवारी दुपारी त्यांनी तो उघडला. चहाडखोर तिथंच होता. त्यात जुना डाव पुन्हा चालवून बघायची सोय असते. बटण दाबलं की पानं वाटली जातात, एकेक जण आपली चाल करतो, अगदी तेव्हा झालं होतं तसं. आणि आपली स्वतःची दोन पानं उघडी दिसतात. ताईंनी बटण दाबलं. हिरव्या टेबलावर खालच्या बाजूला 'तळमजला' असं नाव आलं, त्यापुढे दोन पानं आली. तळमजल्यानं जराशी रक्कम वाढवली. दोघांनी पानं टाकली, एक जण राहिला. मधे तीन पानं उघडली. तळमजल्यानं पुन्हा वाढवली.

"हालत होते गं," दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या. "फोटोत माणूस गप्प बसलेलं असतं. इथं ते काहीतरी ठरवत होते."

तेव्हापासून रविवार म्हणजे चहाडखोर. आधी त्यांना खेळ कळत नव्हता, मग पाहून पाहून कळायला लागला. आता ही पानं टाकतील, असं मनात म्हणायच्या आणि भावजी टाकायचे. कधी अंदाज चुकायचा, आणि चुकला की त्यांना जास्त बरं वाटायचं. इतक्या वर्षांच्या नवऱ्याचं अजून काहीतरी नवीन निघत होतं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की मला आदल्या दिवशीचे डाव ऐकावे लागत. मला पत्त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण मी हुं हुं केलं नाही. नीट ऐकलं.

मग त्यांनी एक आगाऊपणा केला. पुन्हा चालवलेल्या डावांत भावजी तेच तेच करणार, हे त्यांना पुरेनासं झालं. त्यांना वाटलं, आपण त्यांच्या जागेवर बसून पाहावं. दुकानाला सुट्टी होती त्या दुपारी त्या भावजींच्याच नावानं आत शिरल्या आणि नेहमीच्या टेबलावर जाऊन बसल्या. ओळखीची नावं दिसली, सरदार होता, कासव होता. जुन्या पाहुण्यांच्या घोळक्यात शिरल्यासारखं त्यांना वाटलं. पानं आली की त्या खेळायला उतरायच्या. टाकवतच नव्हती. भावजींच्या हातातली पानं, टाकायची कशी?

थोड्या वेळानं टेबलाखालच्या रकान्यात कासवाचा निरोप आला. तिथं खेळणारे एकमेकांना लिहू शकतात.

'तळमजला! किती महिन्यांनी! कुठे होतास?'

ताई नुसत्या खेळत राहिल्या. आणखी काही डाव झाले.

'तब्येत बरी आहे ना? काहीही पानांवर उतरतोयस.'

पुढचे दोन-तीन डाव कासवानं नुसते पाहिले. आणि मग लिहिलं, 'तू तो नाहीस.'

ताईंनी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी शोधत शोधत एकेक अक्षर टाइप केलं. 'मी त्यांची बायको. ते वारले.'

टेबलावर डाव चालू होता. ज्याची पाळी आली त्यानं पानं टाकली, पुढच्यानं टाकली, त्याच्या पुढच्यानंही टाकली. कुणीच खेळेना. सरदारनं लिहिलं, 'अरेरे.'

मग कासवानं लिहिलं. आता अरे-तुरे गेलं होतं. 'ताई, रागावू नका, पण एक सांगतो. तुम्ही खेळताय तो प्रत्येक डाव आमच्या सगळ्यांकडे त्यांच्या नावावर जमा होतोय. त्यांचे आकडे बदलतायत.'

ताईंनी लॅपटॉप ताडकन मिटला. दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या तेव्हा डोळे सुजलेले. "मी त्यांना पुसत होते गं," म्हणाल्या. "त्यांच्या जागेवर बसून त्यांनाच पुसत होते. लोकांच्या घरात माझा माणूस जसाच्या तसा होता आणि मी जाऊन त्यात पाणी ओतलं."

मी म्हटलं, "ताई, हजारो डावांत तुमचे दहा-पंधरा. कुणाला कळणार?"

"त्या कासवाला कळलं ना."

खातं बंद करण्याआधी त्यांनी एकदा ते उघडलं, आणि रकान्यात कासवाचा फोन नंबर होता. खाली लिहिलं होतं, 'कधी वाटलं तर.' चार दिवस नंबर डब्याच्या पिशवीत फिरला. शेवटी मीच म्हटलं, लावा. दुपारी गिऱ्हाईक नसताना मागच्या खोलीत, मशीन बंद करून, त्यांनी फोन लावला. माझा कान अर्थातच दाराशी. ताईंनी मला पाहिलं आणि फोनचा आवाज मोठा केला.

कासवाचा आवाज जाडाभरडा होता, मागे पाण्याचे आवाज येत होते. तो पोहण्याच्या तलावावर शिकवायचा. सकाळची मुलं गेली की संध्याकाळची येईपर्यंत, आणि ती गेल्यावर पुन्हा, तिथल्या ऑफिसात बसून खेळायचा.

"तुमच्या आकड्यांत ते कसे दिसतात?" ताईंनी विचारलं. "मला माझ्या बाजूचं दिसतं. तुमच्या बाजूचं दिसत नाही."

"शहाणा गडी," कासव म्हणाला. "उगाच उतरायचा नाही. उतरला तर सोडायचा नाही. सगळ्यांत चिवट माणूस टेबलावरचा. एकच खोट होती, आणि खरं सांगू का, त्या खोटीवर आम्ही सगळ्यांनी हात धुऊन घेतले."

"कसली खोट?"

"संध्याकाळी, उठायच्या वेळेला. वाघासारखा खेळणारा माणूस, एकदम पळपुटा व्हायचा. थोडं दाबलं की पानं टाकून मोकळा. चहाडखोरात वेळेप्रमाणे आकडे काढता येतात. दुपारचा तळमजला वेगळा, संध्याकाळचा वेगळा. आम्ही वाटच बघायचो. उठायची वेळ झाली की त्याच्यावर तुटून पडायचं."

ताई एकदम खाली बसल्या. कासव "हॅलो, हॅलो" करत राहिला.

"मी कामावरून यायची ती वेळ," ताई म्हणाल्या. "मी बेल वाजवायच्या आधी दार उघडायचे ते. रोज. मी विचारलं तर म्हणायचे, इथंच उभा होतो, पाणी प्यायला उठलो होतो. लिफ्टचा आवाज ओळखायचे ना. खाली लिफ्ट सुरू झाली की त्यांना कळायचं. पण गुडघा असा... खुर्चीतून दारापर्यंत यायला त्यांना वेळ लागायचा. लवकर उठावं लागत असणार."

पलीकडे पाण्याचा आवाज येत होता. मग कासव म्हणाला, "मला माहीत असतं तर..." आणि थांबला. मग म्हणाला, "नाही, तरी दाबलंच असतं. खेळ आहे शेवटी. पण वाईट वाटलं असतं."

ताई हसल्या. रडत होत्या आणि हसल्या. भावजी गेल्यापासून मी त्यांचं हसणं ऐकलं नव्हतं.

त्या रविवारी त्यांनी फक्त संध्याकाळचे डाव काढले. कासव म्हणाला होता ते खरं होतं. हातात राण्यांची जोडी, टाकली. हातात एक्का-राजा, टाकला. एकदा तर डाव जवळजवळ जिंकलेला, फक्त थोडं थांबायचं होतं, आणि टाकला. ताई एकेक डाव पाहत होत्या आणि पडद्याला म्हणत होत्या, "अहो, थांबा ना. उभी राहीन मी दाराशी. किल्ली आहे माझ्याकडे. थांबा." तळमजला थांबायचा नाही.

"त्यांना स्वतःची खोट माहीत नसेल?" मी विचारलं.

"चहाडखोर त्यांचाही होता," ताई म्हणाल्या. "दुसऱ्यांच्या आधी आपले आकडे बघायचे ते."

मग कासवाचा फोन आला. संकोचत म्हणाला, "ताई, माझं एक काम होतं. तुमच्याकडे त्यांची पानं आहेत. एका डावाची मला फार दिवसांपासून रुखरुख आहे. विचारावं की नाही कळत नव्हतं."

तेव्हा ताईंना उमगलं की पलीकडेही कुणीतरी काहीतरी शोधतंय. त्या म्हणाल्या, फोनवर नको, मी येते. मला म्हणाल्या, तू चल, एकटीला अवघड वाटतं.

तलाव शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. आत शिरताच क्लोरीन घातलेल्या पाण्याचा वास नाकात भरला. कासव म्हणजे चांगला आडवातिडवा माणूस निघाला, गळ्यात शिट्टी, पायात रबरी चपला, डोळे लालसर. आम्हाला पाहून त्यानं ऑफिसातल्या एकुलत्या एका खुर्चीवरचे ओले टॉवेल घाईनं उचलले, मग लक्षात आलं की माणसं दोन आहेत आणि खुर्ची एक. शेवटी तिघंही तलावाकाठच्या बाकावर बसलो. दोन लॅपटॉप शेजारी शेजारी. प्रत्येक डावाला एक नंबर असतो आणि तो दोघांकडे तोच असतो. कासवानं आपल्याकडचा डाव काढला.

"हे बघा. माझ्याकडे दोन गुलाम, मधे तिसरा पडला. तीन गुलाम म्हणजे चिक्कार झालं. पण मधे इस्पिकही पडत गेलं. एक, दोन, तीन, आणि शेवटचं पान आलं तेही इस्पिक. चार इस्पिक उघडी. याच्या हातात एक जरी इस्पिक असलं तरी मी मेलो. आणि यानं काय करावं? होतं नव्हतं ते सगळं पुढे सरकवलं."

"मग तुम्ही?"

"दुपार होती. दुपारचा तळमजला खोटं बोलत नाही, असं आकडे सांगत होते. टाकले तीन गुलाम." त्यानं मान हलवली. "तेव्हापासून रोज पोहताना आठवतं. होतं का इस्पिक?"

ताईंनी आपल्याकडे तोच नंबर टाकला. पानं उघडली. त्या बघत राहिल्या. कासवाला दिसू नये म्हणून पडदा जरा वळवला. एवढा दांडगा माणूस, पण अंगठा तोंडात घालायचा तेवढा बाकी राहिला होता.

"ते असते तर सांगितलं नसतं त्यांनी," ताई म्हणाल्या.

"अजिबात नसतं. हसला असता नुसता."

"बदामची दश्शी," ताई म्हणाल्या. "आणि चौकटची नव्वी."

कासव उभाच राहिला. "काही नव्हतं? काहीच नव्हतं?" त्यानं दोन्ही हात डोक्याला लावले. "हरामखोर! लबाड माणूस! माझे तीन गुलाम!" पाण्यातली माणसं थांबून आमच्याकडे पाहू लागली. तो बाकाभोवती फेऱ्या घालत होता, भावजींना शिव्या देत होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. ताई त्या शिव्या ऐकत बसल्या होत्या, कुणी आवडीचं गाणं ऐकावं तशा. इतक्या महिन्यांत सगळे भावजींबद्दल हळू आवाजात, जपून, चांगलं चांगलं बोलत होते. एवढ्या मनापासून त्यांच्यावर कुणी चिडलं नव्हतं.

मग तासभर त्यांचं तेच चाललं. कासव आपल्याकडचा डाव सांगायचा, ताई झाकलेली पानं सांगायच्या. कधी तो "वाटलंच होतं" म्हणायचा, कधी कपाळावर हात मारायचा. संध्याकाळची मुलं टोप्या घालून रांगेत उभी राहिली तेव्हा कुठे तो उठला. "पुढच्या महिन्यात परत या," म्हणाला. "अजून बरेच आहेत." ताईंनी मान हलवली. नंतर त्या जातही राहिल्या. स्वतः मात्र पुन्हा टेबलावर बसल्या नाहीत, त्या खेळाची त्यांना हौस नव्हती.

पण मला सांगायची आहे ती त्या दिवशीची परतीची बस. आम्हाला खिडकीजवळ जागा मिळाली. ताईंच्या मांडीवर लॅपटॉपची पिशवी, चेहरा खुललेला. "काय चिडला होता गं तो," त्या सारख्या म्हणत होत्या. "माझे तीन गुलाम, माझे तीन गुलाम!" त्याची नक्कल इतकी हुबेहूब की पुढच्या बाकावरची बाई वळून हसली. दोन-तीन थांबे गेले. ताई स्वतःशीच काहीतरी जुळवत होत्या, ओठ हलत होते. मग माझ्या हातावर थाप मारून म्हणाल्या, "घरी गेल्या गेल्या यांना सांगते, बघ कसे..."

बस चालत राहिली. ताईंचा हात माझ्या हातावरच होता. त्यांनी तो काढून घेतला नाही आणि वाक्यही पुरं केलं नाही. खिडकीबाहेर दुकानांचे दिवे लागत होते. मी म्हटलं, "मला सांगा ना ताई, पहिल्यापासून सांगा."

"तू तर तिथंच होतीस," त्या म्हणाल्या.

तरी त्यांनी सांगितलं. पहिल्यापासून, तलावाच्या वासापासून सगळं, आमचा थांबा येईपर्यंत.